गुणपत्रकावरचे कोर्स कोड आणि ग्रेड नेमके कसे वाचायचे?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. 'सीएस २०१' अशा कोडमधल्या आकड्यांना काही अर्थ असतो का? दोन विषयांत सर्वोच्च ग्रेड असूनही एसजीपीए, म्हणजे एका सेमिस्टरची ग्रेड-सरासरी, खाली का आला? आणि परदेशी अर्जात ७.७५ सीजीपीएची, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मिळून सरासरीची, टक्केवारी किती लिहायची? अशा अर्जांसाठी मुलांची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांची अधिकृत गुणपत्रकं, तपासून देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि हेच तीन प्रश्न घेऊन बहुतेक जण येतात.

कोडचं पटकन सांगते. सुरुवातीची अक्षरं विभागाची असतात. पहिला आकडा बऱ्याच ठिकाणी वर्ष किंवा पातळी सांगतो. अमेरिकेत साधारणपणे १०० च्या घरातले विषय पहिल्या वर्षाचे, ३००-४०० चे पदवीच्या शेवटच्या वर्षांचे आणि ५०० पासून पुढचे पदव्युत्तर. मधले आकडे विभाग आपल्या सोयीने देतो, त्यामुळे ३५० हा विषय ३१० पेक्षा अवघड असेलच असं नाही. शेवटी 'एल' असेल तर बहुधा लॅब. पण हे सगळं त्या त्या विद्यापीठापुरतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात विभागांनाच क्रमांक आहेत: १८ म्हणजे गणित, ६ म्हणजे विद्युत अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र. या ६ क्रमांकाच्या विभागाने २०२२ मध्ये सगळे कोड बदलले आणि अल्गोरिदमचा प्रसिद्ध ६.००६ आता ६.१२१० झाला. जुन्या ट्रान्सक्रिप्टवरचा कोड आजच्या यादीत सापडला नाही तर घाबरू नका. फ्लोरिडासारख्या एखाद्या राज्यात सरकारी कॉलेजांना समान क्रमांक दिलेले आहेत, पण तो अपवाद. एरवी दोन विद्यापीठांचे '१०१' एकच समजू नका.

कोडपेक्षा त्याच्या शेजारचा '३-०-२-४' असा आकडा जास्त कामाचा आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. आठवड्याला तीन तास लेक्चर, ट्युटोरियल नाही, दोन तास प्रॅक्टिकल, एकूण चार क्रेडिट; क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन. लेक्चरच्या एका तासाला एक क्रेडिट आणि प्रॅक्टिकलच्या दोन तासांना एक, हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब.

तुमच्या एसजीपीएचं उत्तर याच शेवटच्या आकड्यात आहे. समजा गणित चार क्रेडिटचं आणि त्यात बी, म्हणजे ६ पॉइंट. प्रोग्रामिंगही चार क्रेडिटचं, ए, ८ पॉइंट. पर्यावरण दोन क्रेडिटचं आणि लॅब एका क्रेडिटची, दोन्हींत ओ, १० पॉइंट. चार ग्रेडची साधी सरासरी ८.५ येते आणि मुलं तीच धरून बसतात. पण प्रत्येक पॉइंटला क्रेडिटने गुणायचं: २४, ३२, २० आणि १०, बेरीज ८६. एकूण क्रेडिट ११. भागाकार ७.८२. दोन ओ मिळाले खरे, पण ते तीन क्रेडिटचेच. आणि गणितात नापास झालात तर बहुतेक ठिकाणी त्याचे चार क्रेडिट छेदात तसेच राहतात, वर मात्र शून्य. ६२ भागिले ११, म्हणजे ५.६४. म्हणून वेळ कमी असेल तेव्हा जास्त क्रेडिटचा विषय आधी घ्या, हे मी अगदी आग्रहाने सांगते.

सीजीपीए काढतानाही तेच: सेमिस्टरच्या एसजीपीएची साधी सरासरी नव्हे, क्रेडिट धरून.

आता ग्रेडची अक्षरं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दहा पॉइंटच्या पट्टीवर ओ १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. यातला 'पी' जेमतेम पास आहे आणि सरासरी खाली ओढतो. अमेरिकन ट्रान्सक्रिप्टवर 'पी' दिसला तर तो बहुधा पास-नापास पद्धतीने घेतलेला विषय असतो आणि जीपीएत धरलाच जात नाही. आयआयटी मुंबईत 'बीबी' म्हणजे ८. दुसरीकडचा एकेरी 'बी' डोक्यात ठेवून तो वाचला तर त्या मुलावर अन्याय होतो. ब्रिटनमध्ये ७० टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळतो, तिथले ७२ पाहून नाक मुरडू नका. जर्मनीत तर दिशाच उलटी: १.० सर्वोत्तम, ४.० पर्यंत पास, ५.० नापास. अक्षर किंवा आकडा एकटा वाचायचाच नाही. पट्टी बहुतेक वेळा ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या बाजूला छापलेली असते, ती आधी वाचायची.

आणि तुमचे ७.७५. दहाने गुणलं तर ७७.५ टक्के. ९.५ ने गुणलं तर ७३.६, पण तो गुणक सीबीएसईच्या दहावीसाठी होता, विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या तक्त्यात ७.७५ म्हणजे ७० टक्के. एकाच सीजीपीएच्या तीन टक्केवाऱ्या! त्यातली सोयीची उचलू नका. तुमच्या विद्यापीठाने अधिकृत सूत्र दिलं असेल तर फक्त तेच वापरा आणि त्याचं पत्र जोडा. अर्जात मूळ पट्टीवर लिहायची सोय असेल तर '१० पैकी ७.७५' एवढंच लिहा, अमेरिकेतल्या चारच्या पट्टीवर आणायचा खटाटोप करू नका. ते काम त्यांचे तपासनीस विषयवार करतात.

जर्मनीसाठी बव्हेरियन सूत्र चालतं: कमाल गुणांतून तुमचे वजा करा, त्याला कमाल आणि किमान पास यांच्यातल्या फरकाने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. किमान पास ४ असेल तर तुमचे २.१ येतात; ५ असेल तर २.३५. किमान पासचा आकडा अंदाजाने टाकलात तर निकाल इतका हलतो, म्हणून तो तुमच्या विद्यापीठाच्या नियमावलीतून घ्या.

एक काम मात्र आत्ताच करून ठेवा. प्रत्येक कोडसमोरचा, तुम्ही शिकलात त्याच वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि विद्यापीठातून साक्षांकित करून घ्या. पुढे क्रेडिट मान्य करून घेताना समोरचे लोक विषयातले घटक आणि तास बघतात, आणि अभ्यासक्रम बदलला की जुना मिळवायला फार खेटे घालावे लागतात.