नॅशनल पार्कात धावायला सुरुवात करताय?

उत्तम जागा निवडलीत! तुळशी तलावातून आलेली दहिसर नदी बाजूला आणि डोक्यावर झाडांची सावली, बोरिवलीत याहून चांगलं कुठे मिळणार? सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- वेग विसरा. १ मिनिट हलकं धावा, २ मिनिटं चाला, असं २० मिनिटं. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की लगेच चाला. बरेच नवे लोक पहिल्याच दिवशी कान्हेरी लेण्यांकडच्या चढाला भिडतात, मग पोटऱ्या धरतात आणि आठवडाभर घरी बसतात. चढ नंतर.
- सावलीत ऊन लागत नाही, पण दमट हवेत घाम भरपूर जातो. निघण्याआधी पाणी प्या.
- पावसाळ्यात नदीकाठी शेवाळ असतं, ओली पानंही घसरवतात. तेव्हा डांबरी रस्ताच धरा.
- हे बिबट्यांचं जंगल आहे. पुरतं उजाडल्यावर, सोबतीनं जा; इअरफोन नकोत. हातात खाऊ नको, माकडं झडप घालतात.

एक दिवसाआड पुरे. घड्याळं आणि महागड्या बुटांचं महिन्याभरानं बोलू. सध्या पायाला नीट बसणारे साधे रनिंगचे बूट चालतील.