डावा हात रिकामा ठेव

प्रिय,

तुझ्या गाण्याच्या डेमोतला, म्हणजे कच्च्या रेकॉर्डिंगमधला, पियानो गूढ वाटायला हवा, तो गढूळ वाटतोय. चाल चांगली आहे. घोळ डाव्या हातात आहे. मधल्या 'सी'पासून दोन सप्तकं खाली 'सी' आणि 'ई फ्लॅट' जवळजवळ वाजले की त्यांचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे बारीक स्वर) एकमेकांवर आदळतात आणि नुसती घरघर उरते. खाली फक्त 'सी' आणि 'जी' ठेव. 'ई फ्लॅट' उजव्या हाताला, वरच्या सप्तकात दे. कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) तीच राहते, मधे पोकळी तयार होते. भीती वाटते ती त्या पोकळीची.

कॉर्डचा एक बदल बोटांत बसवून घे: 'ए मायनर'वरून 'एफ मायनर'. 'सी' जागचा हलत नाही, 'ए' अर्धा स्वर उतरून 'ए फ्लॅट' होतो, 'ई' अर्धा स्वर चढून 'एफ' होतो. गळ्यात तोच 'सी' दोन्ही कॉर्डवर धरून ठेव. स्वर बदलत नाही, पण त्याच्या पायाखालची जमीन सरकते. गाण्यात हे एकदा, फार तर दोनदा. प्रत्येक कडव्यात आलं की कान सरावतो.

उजवं पेडल, स्वर लांबवणारं, पुढच्या कॉर्डच्या आधी सोडू नकोस, मधे भोक पडतं. नवी कॉर्ड वाजते त्याच क्षणी सोड आणि लगेच पुन्हा दाब. उशीर झाला तर जुने स्वर नव्यात मिसळतात.

बऱ्याच उभ्या पियानोंना मधल्या पेडलवर फेल्टची पट्टी असते. ती हातोड्या आणि तारांच्या मधे येते, टोकदारपणा जातो. पण आवाज इतका बारीक होतो की गेन (माइकमधून येणाऱ्या आवाजाची पातळी) वाढवावा लागतो, आणि मग पंखा, स्टुलाची करकर, पेडलचा धप्प आवाज, सगळं येतं. पंखा बंद कर, बूट काढ. करकर थोडी राहू दे, ती शोभते. पुढची फळी काढून माइक हातोड्यांपासून साधारण 30 सेंटिमीटरवर लाव. 24 बिटमध्ये रेकॉर्ड कर. सर्वांत मोठा स्वर रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास थांबला की पुरे.

रिव्हर्बवर, म्हणजे आवाजामागच्या घुमण्यावर, सगळ्यांचाच हात सैल सुटतो. तो वेगळ्या ट्रॅकवर घे, 250 हर्ट्झखालचं त्यातून कापून टाक, प्री-डिले (मूळ आवाज आणि घुमणं सुरू होणं यांतलं अंतर) 40 मिलिसेकंद ठेव, म्हणजे शब्दांची व्यंजनं कोरडी ऐकू येतील. लांबी लयीवरून ठरव. मिनिटाला 60 ठोके आणि कॉर्ड चार ठोक्यांनी बदलत असेल, तर तिला चार सेकंद मिळतात. तीन सेकंदांचा रिव्हर्ब तेवढ्यात बराचसा विरतो. सहा सेकंदांचा ठेवलास, तर वर डाव्या हाताबद्दल लिहिलेलं सगळं वाया.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार गाण्यावरच्या शेवटच्या हातात, आवाज ठोकून मोठा करू नकोस. स्ट्रीमिंगवर तो बहुधा खालीच आणला जातो, आणि चढउतार गेलेले असतात ते गेलेलेच.

आणि शब्द किंवा चाल कुणासोबत केलेली असेल, तर कुणाचा किती टक्के वाटा हे रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर लिहून सह्या घे. रचनेचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा; दोन्ही लिही.