आधी शब्द फोड

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा म्हार्दोळला देवळाच्या पायऱ्यांवर तू विचारलंस, "काका, संस्कृत देवभाषा की मेलेली भाषा? एम.ए.ला घेऊ की नको?" मी काहीतरी पुटपुटलो, तेवढ्यात तुझी बस आली. रात्री स्वतःचाच राग आला, म्हणून हे पत्र.

नोकरीचं मला विचारू नकोस. मी विसाव्या वर्षी संस्कृत सोडून पणजीत कारकुनी धरली. तीन बहिणींची लग्नं व्हायची होती. (हे मी कुणी न विचारताही सांगतो.)

पण देवभाषा आणि मेलेली अशी दोन बिरुदं तोंडावर होती तुझ्या. मूळ शब्द फोडून पाहिलास? सम् म्हणजे नीट, कृत म्हणजे केलेलं. मग मधला स् कुठून आला? व्याकरणकार पाणिनीचं सूत्र आहे, 'सम्परिभ्यां करोतौ भूषणे'. सम् किंवा परि यांच्यापुढे कृ धातू आला आणि सजवण्याचा अर्थ असला की तो स् मध्ये शिरतो. परिष्कृत शब्दातही तोच, ष् होऊन. म्हणजे घडवलेलं, घासूनपुसून नीट केलेलं. आणि गंमत बघ, सुमारे चार हजार सूत्रं रचणारा पाणिनी स्वतः या भाषेला संस्कृत म्हणत नाही. नुसतं 'भाषा' म्हणतो, आणि वेदांतल्या बोलीला 'छन्दस्'.

घासलेली वाणी म्हणजे चांगला माणूस, असंही समजू नकोस. अशोकवनात झाडावर बसलेल्या हनुमानाला वाल्मीकींनी हीच चिंता लावली आहे: मी द्विजासारखं संस्कृत बोललो तर सीता मला रावण समजून घाबरेल. भाषेचा जयजयकार करणाऱ्यांनी आणि तिला शिव्या देणाऱ्यांनीही तो सर्ग वाचावा. वाचत नाहीत. शब्द फोडायचे कष्ट कुणालाच नकोत.

मलाही नको होते, खरं तर. आमच्या घरी तिन्हीसांजेला रामरक्षा व्हायची. सगळी पाठ, खणखणीत, आणि अर्थ एका ओळीचाही नाही. आई चुलीपाशी ऐकत असायची. तिला कुणी शाळेत घातलं नव्हतं. एकदा तिने विचारलं, "रामाक अन्न ना, हें कसलें रे स्तोत्र?" 'रामान्नास्ति परायणं' ती तसं ऐकत होती. मी हसलो. वर म्हणालो, अर्थ कशाला हवा, पुण्य लागतं. ती पुन्हा कधी विचारायला आली नाही.

चाळिशीनंतर वही काढून बसलो तेव्हा कळलं: रामात् न अस्ति. रामाहून श्रेष्ठ आश्रय नाही. तोवर आई गेली होती. तिने संधी चुकीच्या जागी फोडला, पण फोडला तरी! घरात शब्द फोडणारी ती एकटीच होती, आणि हसणारा मी. नोकरी, बहिणी, परिस्थिती, सगळी कारणं खरी आहेत. त्या हसण्याला मात्र त्यातलं एकही लागू पडत नाही.

मेलेली म्हणतेस? तुझी आजी आमटीत 'उदक' घालते ना? आम्ही मराठी लिहिणारे पाणी म्हणतो, तेही 'पानीय' झिजून झालेलं, पण उदक कोंकणीत जसंच्या तसं राहिलं. न्हंय म्हणजे झिजलेली नदीच. आणि साखवाळचे धर्मानंद कोसंबी, नारळाच्या बागा सांभाळणारे गृहस्थ, 1899मध्ये घर सोडून पुण्याला, मग काशीला संस्कृत शिकायला गेले आणि पुढे पालीचे, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेचे, मोठे पंडित झाले. देवभाषेवरून पालीवर गेले म्हणून काही बाटले नाहीत. घरच्यांना मागे ठेवून गेले, हेही खरं. मला ते जमलं नसतं, आणि जमायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही. असो.

एम.ए. घे किंवा घेऊ नकोस. आज रात्री रामरक्षेतलाच 'रामो राजमणिः' हा श्लोक घे. त्यात रामाच्या सातही विभक्ती ओळीने आहेत आणि शेवटी संबोधन. पदं सुटी कर, प्रत्येकाखाली विभक्ती लिही, मग अन्वय लाव. पुस्तकात अर्थ बघायचा नाही. मोबाइलवर तर नाहीच.

रविवारी वही घेऊन ये. चुका असल्या तर चहा मिळेल. कोरी आणलीस तर दारातूनच परत पाठवीन.

तुझा,
काका