नवीन मधपेटीच्या दाराला, ते लहान करण्यासाठी, घरी केलेली खाचेची पट्टी बसवली तर माश्या पेटी सोडून जातात का? भोक केवढं ठेवावं, पट्टी कधी काढावी?

नाही जात. पट्टी बसवा, आणि शक्यतो आज संध्याकाळीच बसवा.

तुम्ही लिहिलंय की सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, वसाहत नवीन आहे, माश्या पेटीतल्या पोळ्याच्या चारच चौकटींवर आहेत आणि पाऊस चालू असल्याने साखरेचा पाक ठेवताय. एवढ्या थोड्या माश्यांना ते रुंद दार राखता येणारच नाही. पेटी बनवणाऱ्याने दार भरल्या वसाहतीच्या हिशोबाने ठेवलेलं असतं.

हे इतकं ठासून सांगते, कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात आजही वाद आहे. आम्ही जावळीतले. श्रावणात आमच्याकडे पाऊस उघडत नाही आणि माश्यांना बाहेर काही मिळत नाही. तेव्हा दोन नव्या वसाहती भरल्या होत्या, एक माझी, एक थोरल्या दिरांची. मी पलंगाच्या मोडक्या सागवानी पट्टीचा तुकडा कापला, पटाशीने खाच पाडली, पॉलिश पेपर मारला आणि दोन्ही पेट्यांना एकेक बसवला. दीर म्हणाले, "वहिनी, माश्या कोंडून माराल. दार बारीक झालं की सातेरी पळते, हे आमच्या वडिलांपासून चालत आलंय." आणि आपल्या पेटीची पट्टी त्यांनी काढून टाकली.

पाक मात्र त्यांनी भर दुपारी ठेवला, तोही दारापुढच्या फळीवर सांडत. तासाभरात आमच्याच जुन्या, जोरात असलेल्या पेटीतल्या माश्या तिथे आल्या. दारात झोंबाझोंबी, एकमेकींचे पाय ओढणं, फळीवर मेणाचा चुरा. पाकाच्या वासाने गांधीलमाश्याही घिरट्या घालू लागल्या. माझ्या पेटीवरही लुटारू आल्या, पण दोन बोटांच्या भोकात चार-पाच कामकरी माश्या उभ्या राहिल्या की लुटारूला आत घुसायला वावच राहत नाही. दिरांच्या पेटीतला पाक-मध सगळा गेला आणि मग वसाहतही गेली. ते अजून म्हणतात, नवीन पेटी मानवली नाही. मी म्हणते, लुटल्या गेलेल्या, उपाशी माश्या राहतील कशाला? सातेरी पळते ती भुकेने, मुंग्यांनी, मेणकिड्याने, सारख्या उघडझापीने. दार लहान असल्याने पळते असं मला कुणी दाखवून द्यावं. झाडाच्या ढोलीत, दगडी बांधाच्या फटीत राहणारी ही माशी स्वतःहून बारीक तोंडाचीच जागा पसंत करते.

गुदमरण्याचं म्हणाल तर दाराशी थोडं बसून बघा. सातेरीच्या माश्या डोकं बाहेरच्या बाजूला करून पंख हलवतात आणि हवा आत ढकलतात. मेलिफेरा, म्हणजे पेटीत पाळतात ती परदेशी मधमाशी, याच्या उलट, दाराकडे तोंड करून आतली हवा बाहेर काढते. हवेची सोय त्या स्वतःच करतात.

आता मापं. खाच साधारण 2 सेंटीमीटर रुंद, 8 मिलिमीटर उंच, आणि खालच्या बाजूला, म्हणजे मेलेल्या माश्या ओढून बाहेर टाकता येतात. पट्टी घट्ट बसेल अशी कापा, खिळा ठोकू नका, ठोकाठोकीने माश्या बिथरतात. लाकूड कोरं हवं, रंग-व्हार्निश नको. दाराला चिंधी किंवा स्पंज कोंबायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पावसात ते भिजून कुजतं. पेटी पुढे किंचित कलती ठेवा आणि पाक अंधार पडल्यावर आतच ठेवा. दिवसा पाक ठेवायचा असेल तर पट्टीचाही फारसा उपयोग नाही.

कधी काढायची, ते माश्याच सांगतील. फुलोरा आला, परागाचे गोळे घेऊन येणाऱ्या माश्या दाराशी खोळंबू लागल्या की खाच दुप्पट करा. चौकटी भरल्या की काढून टाका. मेलिफेराच्या पेट्या शेजारी असतील तर घाई करू नका, त्या सातेरीला सहज लुटतात.

एक राहिलं. राणी बाहेर जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी वेगळी, तिच्यातून नरही जाऊ शकत नाहीत. ती पट्टीसारखी महिनोन्महिने ठेवायची नाही. आणि वसाहतीत नवी, न फळलेली (नराशी मिलन न झालेली) राणी असेल तर ती जाळी मुळीच लावू नका.