पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला आलास, तर…

अभ्यासक्रमातली 'बातमीचे सहा ककार' (कोण, काय, कधी, कुठे, का, कसं) वगैरे प्रकरणं परीक्षेपुरती वाच, त्यावर रात्री जागवू नकोस. त्यापेक्षा तुझ्या गावच्या ग्रामसभेला जाऊन बस. बहुधा रविवारीच असते, कॉलेज बुडायचा प्रश्न नाही. गोव्यातली निम्मी बातमी जमिनीची असते: डोंगरकापणी, शेतात भराव, शेतजमिनीचं बांधकामासाठी रूपांतर. सभेत लोक तावातावाने बोलतील, तू भाषणं उतरवत बसू नकोस. सर्व्हे नंबर तेवढा टिपून घे. मग त्याचा एक-चौदाचा उतारा काढ, म्हणजे गोव्यातला सातबाराच. कब्जेदार कोण, कूळ लागलंय का, इतर हक्कांत कोणाचं नाव, हे त्यावरून कळतं. सभेत 'आमची जमीन' म्हणून ओरडणाऱ्याचं नाव उताऱ्यावर नसेल, तर तिथूनच तुझे प्रश्न सुरू होतात. मात्र उताऱ्यावर नाव नाही म्हणजे तो खोटा, असं धरून चालू नकोस. गोव्यात वारसांची नावं चढायला पिढ्या जातात. कागद कुठेच मिळेना, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली माहिती माग. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून प्रोजेक्टचा अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच टाक.

भाषेचं म्हणशील तर, मराठीत लिही, पण माणसांशी कोंकणीतच बोल. मासळी बाजारात पुस्तकी मराठी काढलीस की समोरचा गप्प होतो. सरकारी कागद बहुतेक इंग्रजीत, त्यामुळे तिथेही सूट नाही.

आणि पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुने अंक चाळ. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या १९६७ च्या जनमत कौलावेळची वर्तमानपत्रं आधी माग.