क्वीनचं वेड आणि घरातली पहिली गिटार

चौदा वर्षांची मुलगी एकाएकी दिवसभर क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची गाणी ऐकू लागते, खोलीचं दार लावून घेते आणि एका रात्री जेवताना गिटार मागते. बहुतेक घरांत आई-बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: अभ्यासाचं काय? तो विचाराच, पण त्याआधी तिच्याशेजारी बसून एक गाणं पूर्ण ऐका. कोण काय वाजवतंय ते तिला सांगू द्या. परदेशातल्या शाळेत एकटं पडलेल्या मुलांना आवडत्या बँडमुळेच पहिल्यांदा दोन-तीन जिवाभावाचे मित्र मिळतात. ही गोष्ट लहान समजू नका.

क्वीनचं तर आपल्या मातीशीही नातं आहे. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारच्या पारशी घरातला फारोख बलसारा. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो वसतिगृहात राहिला, पियानो शिकला आणि १९५८ मध्ये चार मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. गिटारवादक ब्रायन मेला दुकानातली गिटार परवडेना, म्हणून १९६३ मध्ये त्याने वडिलांबरोबर ती घरीच बनवायला घेतली. मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची आणि बोटं दाबायच्या पट्टीवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. पुढे आयुष्यभर तो तीच गिटार वाजवत आला आहे. अर्धवट राहिलेली खगोलभौतिकीची पीएचडीही त्याने २००७ मध्ये पूर्ण केली. पण मुलीला बटणांची गोष्ट आधी सांगा, पीएचडीची नंतर.

आता खरेदीचं. मुलं दोन महिन्यांत गिटार सोडतात, त्याचं कारण पुष्कळदा आळस नसून दुखरी बोटं हे असतं. स्वस्त गिटारच्या तारा पट्टीपासून फार उंच असतात. इलेक्ट्रिक गिटारच्या बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे पट्टीवरची धातूची आडवी कडी) मोजपट्टी उभी धरा: सर्वांत जाड तार सुमारे २ मिमी आणि सर्वांत बारीक दीड मिमी वर असावी. ३ मिमी भरली, तर दुकानातून 'सेटअप', म्हणजे तारांची उंची नीट करून घ्या. तारांचा संच बारीक घ्या, ज्यातली पहिली, सर्वांत बारीक तार ०.००९ इंच जाडीची असते. 'आधी अकूस्टिक (विजेशिवाय वाजणारी), मग इलेक्ट्रिक' असा हट्ट धरू नका. इलेक्ट्रिकच्या तारा कमी जोराने दाबल्या जातात आणि तिला वाजवायचंही तेच आहे. नव्या तारा ताणत राहतात, त्यामुळे पहिले काही दिवस सूर सारखे उतरतात. 'मला जमतच नाही' असं मुलीला तेव्हाच वाटतं. गिटारच्या मानेला चिमट्यासारखा लागणारा ट्यूनर, म्हणजे सूर जुळवायचं यंत्र, पहिल्या दिवसापासून हवा.

फ्लॅटमध्ये ५ ते १० वॉटचा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) पुष्कळ झाला, मात्र त्याला हेडफोनची जागा हवी. अमेरिकेत राहत असाल, तर सुट्टीत भारतातून अँप आणू नका. भारतातला २३० व्होल्टवर चालतो, अमेरिकेत वीज १२० व्होल्टची. नुसती गिटार मात्र खुशाल आणा.

रोज पंधरा-वीस मिनिटं सराव पुरतो, रविवारचे सलग दोन तास नव्हेत. गाणं पाऊण वेगाने लावून चार-चार मात्रांचा तुकडा बसवायचा, मगच पुढचा. तबला शिकलेल्या मुलांना इथे आयता फायदा होतो, कारण मात्रा मोजायची त्यांना सवय असते.

कॉन्सर्टला पाठवाल तेव्हा कानांची काळजी तुमची. ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. फोमच्या बोळ्यांनी वरचे सूर दबतात, गाणं गढूळ ऐकू येतं आणि मुलं ते काढून टाकतात. संगीतासाठी मिळणारे फिल्टरवाले इअरप्लग घ्या आणि घरीच घालायची सवय करा. स्पीकरच्या पुढ्यात उभं राहू नको, हे निघतानाच सांगा. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत असेल, तर त्या दिवशी हेडफोन बंद. तीन दिवसांत थांबली नाही, तर डॉक्टरांची वेळ घ्या.