वाचकांचे प्रश्न : किरणोत्सारी कचऱ्याला जागा कोण देणार?

प्रश्न : अणुवीजकेंद्रांतील किरणोत्सारी कचरा खोल खडकात पुरणे सुरक्षित आहे, असे शास्त्रज्ञ कित्येक वर्षे सांगत आहेत. तरीही अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाला त्यासाठी एक जागा ठरवता येऊ नये, याचे कारण काय?

उत्तर : तांत्रिक प्रश्न पूर्णपणे संपलेले नाहीत, पण गाडे अडले आहे ते राजकारणात. वापरलेल्या इंधनातील सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० या द्रव्यांचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, सुमारे ३० वर्षांचे असल्यामुळे त्यांचा प्रभाव काही शतकांत ओसरतो. प्लुटोनियम-२३९चे अर्धायुष्य मात्र सुमारे २४,००० वर्षे आहे, आणि इतका काळ पहारा देऊ शकेल असे एकही राज्य माणसाने आजवर उभारलेले नाही. म्हणून हा कचरा काहीशे मीटर खोलीवरील स्थिर खडकात ठेवावा, यावर तज्ज्ञांचे बरेचसे एकमत आहे. अडचण अशी की विजेचा लाभ साऱ्या देशाला मिळतो आणि कचऱ्याचा भार, निदान त्याची धास्ती, एखाद्याच भागाच्या वाट्याला येते. शिवाय निर्णय टाळणाऱ्या नेत्याचे त्याच्या कारकिर्दीत काहीच बिघडत नाही, कारण तोवर कचरा वीजकेंद्राच्याच आवारातील पाण्याच्या टाक्यांत किंवा पोलाद-काँक्रीटच्या पिंपांत सांभाळता येतो.

अमेरिकेचा १९८२चा कायदा कागदावर न्याय्य होता. अनेक जागांची तुलना करायची, आणि देशाच्या एकाच भागावर ओझे पडू नये म्हणून पश्चिमेतील भांडारानंतर दुसऱ्या भांडाराचाही शोध घ्यायचा, असा त्याचा आराखडा होता. पूर्वेकडील राज्यांत विरोध उसळताच १९८६मध्ये दुसऱ्या भांडाराचा शोध थांबवण्यात आला. पश्चिमेतील तीन जागा उरल्या होत्या : वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड, टेक्सासमधील डेफ स्मिथ परगणा आणि नेवाडातील युक्का पर्वत. त्या वेळी प्रतिनिधीगृहाचे सभापती जिम राइट टेक्सासचे होते आणि बहुमतातील पक्षाचे नेते टॉम फोली वॉशिंग्टन राज्याचे. नेवाडाच्या बाजूने बोलणारा त्या तोलाचा कोणी नव्हता. १९८७मध्ये काँग्रेसने कायदा दुरुस्त करून फक्त युक्का पर्वताचाच अभ्यास करावा असे ठरवले. ज्या राज्यात एकही अणुवीजकेंद्र नाही आणि ज्याने १९५१पासून अणुचाचण्यांचे स्फोट सोसले होते, त्याच राज्यावर हा निर्णय येऊन पडला. तेथील खडक खरोखर सरस होता की नाही, याची तटस्थ चर्चा त्यानंतर अशक्यच झाली; नेवाडाने प्रत्येक अहवालाकडे संशयानेच पाहिले, आणि मला तरी त्यात नवल वाटत नाही.

२००२मध्ये नेवाडाच्या गव्हर्नरांनी कायद्याने दिलेला नकाराधिकार युक्का पर्वताविरुद्ध वापरला, तेव्हा काँग्रेसने तो साध्या बहुमताने रद्द केला. परंतु ज्या संख्याबळाने हा निर्णय झाला होता, तेच पुढे उलटले. नेवाडाचे हॅरी रीड २००७मध्ये सिनेटमधील बहुमताचे नेते झाले. २००८मध्ये परवान्यासाठी दाखल झालेला अर्ज मागे घेण्याची हालचाल २०१०मध्ये नव्या प्रशासनाने सुरू केली आणि निधीही आटला. सरकारने ३१ जानेवारी १९९८पासून वीजकंपन्यांकडचा कचरा ताब्यात घेण्याचे कायद्याने मान्य केले होते. तो आजही घेता आलेला नाही, आणि त्याबद्दलची अब्जावधी डॉलरांची नुकसानभरपाई करदात्यांच्या पैशातून दिली जात आहे.

प्रश्न : मग फिनलंड आणि स्वीडनला हे कसे जमले? तेथील लोक अधिक समजूतदार आहेत, असे म्हणायचे का?

उत्तर : तसे म्हणण्याला आधार नाही. स्वीडनमध्ये १९८०च्या दशकात चाचणीसाठी खोदकाम सुरू होताच अनेक ठिकाणी लोक आडवे आले होते. उत्तरेकडील स्टोरुमान आणि मालो या नगरपालिकांनी अनुक्रमे १९९५ आणि १९९७मध्ये सार्वमत घेऊन नकार दिला, आणि कचऱ्यासाठी जागा शोधणारी कंपनी तेथून खरोखरच निघून गेली. हे निघून जाणे मला पुढच्या यशाइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण नकार पाळला जातो हे एकदा दिसल्यावर होकाराची चर्चा निर्धास्तपणे करता येते. पुढे ओस्कार्शहाम्न आणि ओस्टहामार या, आधीपासून अणुवीजकेंद्रे असलेल्या, दोन नगरपालिकांत स्पर्धा झाली. २००९मध्ये ओस्टहामारमधील फोर्शमार्कची निवड झाली, २०२०मध्ये तेथील परिषदेने होकार दिला आणि २०२२मध्ये सरकारने परवानगी दिली. सरकारने नगरपालिकेचा नकार अपवाद म्हणून डावलावा, अशी एक पळवाट स्वीडनच्या कायद्यात आहे. ती वापरण्यात आली नाही.

फिनलंडमध्ये नगरपालिकेचा नकार अंतिमच असतो. एउरायोकी नगरपालिकेने संमती दिल्यानंतर २००१मध्ये संसदेने तिच्या हद्दीतील ओल्किलुओतोच्या भांडाराला तत्त्वतः मान्यता दिली, आणि बांधकामाचा परवाना २०१५मध्ये मिळाला. मात्र हा दाखला कोठेही जसाच्या तसा लागू होईल असे नाही. या गावांत वीजकेंद्रावर पोट असलेली कुटुंबे होती, किरणोत्साराशी रोजचा परिचय होता, आणि कचरा तसाही त्यांच्याच आवारात साठत होता.

जर्मनीत याच्या उलट घडले. १९७७मध्ये लोअर सॅक्सनी राज्याच्या सरकारने पूर्व जर्मनीच्या सीमेलगतचे गोर्लेबेन निवडले, पण तीच जागा का, याचे पटण्याजोगे उत्तर लोकांना कधीच मिळाले नाही. दशकानुदशके आंदोलने झाली. शेवटी २०१३च्या कायद्याने साऱ्या देशाचा नकाशा कोरा धरून शोध नव्याने सुरू झाला, आणि २०२०मध्ये गोर्लेबेन भूगर्भीय निकषांवरच यादीतून वगळले गेले.

प्रश्न : गावाला पैसे देऊन संमती मिळवणे ही लाच नव्हे काय?

उत्तर : पैसा केव्हा आणि कोणाला मिळतो, यावर ते अवलंबून आहे. स्वीडनमधील करारात, ज्या नगरपालिकेत भांडार होणार नाही तिला विकासनिधीचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा मिळेल, असे निवड होण्यापूर्वीच ठरले होते. निवडलेल्या गावाला रोजगार आणि गुंतवणूक मिळणारच, म्हणून उरलेल्याला अधिक निधी, असा त्यामागचा विचार होता. अशा व्यवस्थेत जागा विकत घेतल्याचा आरोप टिकत नाही. तपासणीत जागा अयोग्य ठरली तरी बुडणार नाही, अशी मदत मला रास्त वाटते; सहीच्या मोबदल्यात दिलेली मदत मात्र संशयालाच खतपाणी घालते.

प्रश्न : ‘स्थानिकांची संमती’ म्हणताना स्थानिक कोणाला मानायचे?

उत्तर : या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि त्याचे सर्वत्र चालेल असे उत्तर नाही. इंग्लंडमध्ये जानेवारी २०१३मध्ये कोपलंड आणि अॅलरडेल या दोन्ही तालुका परिषदा पुढील शोधाला तयार होत्या, पण त्यांच्या वरच्या कंब्रिया जिल्हा परिषदेने नकार दिला आणि प्रक्रिया तेथेच थांबली. युक्का पर्वत ज्या नाय परगण्यात आहे, तेथील प्रशासन परवान्याची प्रक्रिया पुरी व्हावी असे म्हणत राहिले, तर नेवाडा राज्य ठामपणे विरोधात राहिले. लहान गावाचा होकार पुरेसा मानला, तर वाहतुकीच्या मार्गावरील आणि भूजलाच्या प्रवाहातील शेजाऱ्यांवर अन्याय होतो. साऱ्या राज्याला नकाराधिकार दिला, तर शंभर मैलांवरचा मतदार गावाच्या भवितव्याचा फैसला करतो. कॅनडाने २०२४मध्ये जागा निवडताना इग्नेस ही नगरपालिका आणि वाबिगून लेक येथील मूलनिवासी ओजिब्वे समाज या दोघांचीही तयारी आवश्यक मानली. कोणाकोणाची संमती लागेल, हे नकाशावर पहिले बोट ठेवण्यापूर्वी जाहीर झाले पाहिजे, असे माझे मत आहे. जागा ठरल्यानंतर आखलेली सीमा, ती कितीही प्रामाणिकपणे आखलेली असो, हव्या त्या उत्तरासाठीच आखली असे वाटणार.